लेकराला ‘मशीन’ लावलं म्हणजे नेमकं काय लावलं?

२०२१च्या उन्हाळ्यात कोविडची दुसरी लाट आली आणि मराठवाड्यातल्या घराघरात काही शब्द मागे ठेवून गेली. ऑक्सिमीटर, सॅच्युरेशन, बायपॅप, व्हेंटिलेटर. ज्यांनी त्या दिवसांत घरचं माणूस गमावलं, त्यांच्या डोक्यात एक क्रमही पक्का बसला: आधी ऑक्सिजन, मग मास्क, मग मशीन, आणि मग रात्री-अपरात्री येणारा फोन. आता पावसाळा सरताना किंवा थंडी पडल्यावर लहान मुलांचे वॉर्ड भरू लागले, की तीच भीती मुलांच्या आयसीयूच्या, म्हणजे पीआयसीयूच्या दाराशी येऊन उभी राहते. “डॉक्टरसाहेब, काय बी करा पण मशीनवर टाकू नका, नुसत्या ऑक्सिजनवर ठेवा,” असं हात जोडून सांगणारे आजोबा मला नेहमी भेटतात. आणि दुसऱ्या टोकाचा एखादा मामाही भेटतो: “पैशाचं बघतो आम्ही, सरळ मोठ्या मशीनवर घ्या ना.”

दोघांची काळजी खरीच असते. पण ‘नुसता ऑक्सिजन’ आणि ‘मोठं मशीन’ यांच्यामध्ये बरंच काही असतं, आणि आज दम लागलेली बहुतेक मुलं त्या मधल्या जागेतच बरी होतात. श्वासनलिकेत नळी न घालता, नाकातून किंवा मास्कमधून दिला जाणारा हा आधार. डॉक्टर त्याला नॉन-इन्व्हेजिव्ह सपोर्ट म्हणतात, मी या लेखात ‘बाहेरून आधार’ म्हणेन.

## पोट उडायलंय, म्हणजे आत काय चाललंय?

“लेकराचं पोट उडायलंय” हे आमच्याकडच्या आयांचं निदान डॉक्टरांनी कधी हलक्यात घेऊ नये. बाळाची श्वासनलिका बारीक असते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण बारीक असण्याची किंमत किती मोजावी लागते ते सहसा ठाऊक नसतं. हवा संथ वाहत असताना नळीचा व्यास अर्धा झाला, तर तेवढीच हवा ओढायला दुप्पट नाही, सोळापट जोर लागतो. मोठ्या माणसाच्या श्वासनलिकेला एक मिलिमीटर सूज आली तर त्याला खोकला येतो, आवाज बसतो, एवढंच. चार महिन्यांच्या बाळाला तेवढीच सूज आली तर त्याचा जीव मेटाकुटीला येतो.

त्यात भर म्हणजे वजनाच्या हिशेबात बाळाला मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट ऑक्सिजन लागतो. साठा मात्र लहान. बरगड्या मऊ आणि आडव्या, त्यामुळे जोरानं श्वास ओढला की छाती फुलण्याऐवजी आत जाते, आणि फासळ्यांखाली खड्डा पडलेला दिसतो. सगळा भार येतो छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्यावर. तान्ह्या बाळात हा पडदा लवकर थकतो. नाकपुड्या फुलणं, प्रत्येक श्वासाला मान हलणं, अंगावर पिताना दोन घोट घेऊन सोडून देणं, ही सगळी त्याच थकव्याकडे जाणारी वाट.

एका लक्षणाकडे मुद्दाम लक्ष वेधतो: कण्हणं. दम लागलेलं बाळ श्वास सोडताना ‘अंऽ अंऽ’ असा बारीक आवाज काढतं. घरच्यांना वाटतं, पोटात दुखतंय. खरं तर ते घसा अर्धवट मिटून श्वास अडवून धरत असतं. फुप्फुसाच्या टोकाला हवेचे सूक्ष्म कोश असतात. सूज, पाणी, चिकट स्राव यांमुळे ते श्वास सोडताना मिटून जातात, आणि मिटलेला कोश पुन्हा उघडायला फार जोर लागतो. म्हणून बाळ थोडी हवा आत दाबून ठेवतं, कोश मिटू देत नाही. कुणी न शिकवता केलेली ही युक्ती. पुढे ज्या सीपॅपबद्दल सांगणार आहे, ते यंत्र नेमकं हेच काम करतं. फरक इतकाच की यंत्र थकत नाही.

असा दम बहुतेक वेळा दोन आजारांत लागतो. पहिला न्यूमोनिया. दुसरा ब्राँकिओलायटिस, म्हणजे दोन वर्षांखालच्या मुलांच्या सर्वांत बारीक श्वासनलिकांना विषाणूमुळे येणारी सूज. त्याला बहुधा आरएसव्ही नावाचा विषाणू कारणीभूत असतो. मोठ्या मुलांत दमाही असतो.

## आकडा चांगला, तरी डॉक्टर चिंतेत का?

आपण श्वासात घेतो त्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. फुप्फुसाचा काही भाग बंद पडला की रक्तात तो पुरेसा पोचत नाही, आणि बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर आकडा ९०च्या खाली येतो. ही झाली पहिली अडचण, आणि तिच्यावर उपाय सोपा: आत जाणाऱ्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण वाढवा.

दुसरी अडचण ऑक्सिमीटरला दिसत नाही. ती म्हणजे श्वास घेण्याचं ओझं. बाळ मिनिटाला सत्तर वेळा श्वास घेत, सगळ्या अंगाचा जोर लावून आकडा ९६वर टिकवून ठेवू शकतं, विशेषतः ऑक्सिजन चालू असेल तर. तासाभरानं स्नायू दमतात, श्वासांची संख्या एकदम उतरते, आणि घरच्यांना हायसं वाटतं: “आता जरा शांत झालंय बघा.” नेमका तोच क्षण घातक असू शकतो. ऑक्सिजन आत जातोय, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही, तो रक्तात साचतो आणि लेकरू गुंगीत जातं. आकडा चांगला असताना डॉक्टर बाळाच्या छातीकडे इतका वेळ टक लावून का बघतात, त्याचं कारण हे. माझ्या मते पीआयसीयूमध्ये नातेवाइकांना समजावून सांगायची एकच गोष्ट निवडायची असेल, तर ती हीच आहे. ऑक्सिजन देणं आणि श्वासाचं ओझं हलकं करणं ही दोन वेगळी कामं आहेत.

## पायरीपायरीनं

सर्वांत खालची पायरी म्हणजे नाकाच्या दोन बारीक नळ्या, म्हणजेच प्राँग्ज. तान्ह्या बाळाला मिनिटाला एक-दोन लिटर ऑक्सिजन यातून पुरतो. यानं पहिली अडचण सुटते, दुसरी फारशी नाही. मग प्रवाह वाढवत का नेत नाही? कारण भिंतीतून किंवा सिलेंडरमधून येणारा ऑक्सिजन कोरडा आणि गार असतो. तो जोरात सोडला तर नाक सुकतं, रक्त येतं, स्राव घट्ट होऊन बारीक नळ्या आणखी तुंबतात.

याच्यावरची पायरी हाय फ्लो, तोंडातोंडी ‘एचएफएनसी’. दिसायला त्याच नाकातल्या नळ्या, जरा जाड. पण मागे एक यंत्र असतं, ते हवा-ऑक्सिजनचं मिश्रण शरीराच्या तापमानाइतकं, म्हणजे ३७ अंशांपर्यंत गरम करतं आणि पूर्ण ओलसर करतं. त्यामुळे लहान मुलाला किलोमागे मिनिटाला दोन लिटरपर्यंत प्रवाह देता येतो. सहा किलोच्या बाळाला बारा लिटर! एवढा प्रवाह तीन कामं करतो. नाक-घशात अडकून राहिलेली वापरलेली हवा तो सतत धुऊन काढतो, म्हणजे पुढचा श्वास ताज्या हवेचा मिळतो. बाळ धापा टाकताना ज्या वेगानं हवा ओढतं, त्या वेगाला तो पुरा पडतो. आणि घशामागे थोडा दाब तयार होतो, कोश उघडे राहायला मदत होते. यंत्रावर दोन वेगळी बटणं असतात: एक प्रवाहाचं, एक ऑक्सिजनच्या टक्केवारीचं. “बारा लिटरवर आहे” हे ऐकून घाबरू नका. बारा लिटरवर असलेल्या बाळाला ३० टक्केच ऑक्सिजन चालू असू शकतो. डॉक्टरांना टक्केवारी विचारा, त्यातून जास्त कळतं.

त्यावर सीपॅप. नाकात घट्ट बसणाऱ्या नळ्यांतून किंवा छोट्या मास्कमधून सतत एकसारखा दाब, बहुधा पाच ते आठ सेंटिमीटर पाण्याइतका. हवेचे कोश श्वास सोडतानाही मिटत नाहीत. १९७१मध्ये अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी कमी दिवसांच्या नवजात बाळांवर ही पद्धत वापरून दाखवली. नवजात बाळांच्या विभागात पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे येताना तुम्ही पाहिले असतील, तो बबल सीपॅप. श्वास सोडण्याची नळी पाण्यात पाच सेंटिमीटर बुडवली की दाब पाच सेंटिमीटरचा. इतकं साधं, आणि म्हणूनच मला आवडणारं तंत्र.

बायपॅपमध्ये श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी असे दोन दाब असतात. स्नायू फार दमले असतील किंवा कार्बन डायऑक्साइड साचत असेल तेव्हा तो उपयोगी पडतो.

## मग व्हेंटिलेटर कशासाठी?

उसानं भरलेली बैलगाडी चढाला लागली आणि बैलांचे पाय घसरू लागले, की गडी मागून खांदा देतात. गाडी अजूनही बैलच ओढत असतात, मागच्या रेट्यानं त्यांचं ओझं तेवढं हलकं होतं. बाहेरून आधार म्हणजे हा खांदा. बाळ स्वतः श्वास घेतं, रडतं, खोकतं, आईकडे बघतं. व्हेंटिलेटर म्हणजे बैल सोडून गाडीला ट्रॅक्टर जोडणं. त्यासाठी बाळाला झोपवावं लागतं, श्वासनलिकेत नळी घालावी लागते. नळी आली की तिच्यासोबत जंतुसंसर्गाचा धोका येतो, घशाला इजा होऊ शकते, खोकून स्राव बाहेर टाकता येत नाही, आणि झोपेच्या औषधांतून बाहेर यायलाही दिवस लागतात. म्हणून टाळता येत असेल तर टाळायचं.

पण बैल गुडघ्यावर बसले असतील तर नुसता खांदा देऊन भागत नाही. बाळ गुंगीत गेलं, श्वास मधेमधे थांबू लागला, ऑक्सिजन ६० टक्क्यांवर नेऊनही आकडा टिकेना, रक्तदाब ढासळला, तर नळी घालायलाच हवी, आणि वेळेत घालायला हवी. “मशीनवर टाकलं म्हणून गेलं” असं कोविडनंतर सर्रास ऐकू येतं. मुलांच्या बाबतीत अनेकदा उलटी गोष्ट खरी असते: सहीसाठी घरातलं मोठं माणूस येईपर्यंत थांबण्यात जे तास जातात, तेच महागात पडतात. शिवाय कोविडमध्ये व्हेंटिलेटरवर गेलेले वयस्क रुग्ण आणि ब्राँकिओलायटिसचं बाळ यांची तुलनाच चुकीची आहे. ब्राँकिओलायटिसमुळे व्हेंटिलेटरवर जावं लागलेली, एरवी धडधाकट असलेली बहुतेक मुलं बरी होऊन घरी जातात.

## हाय फ्लो बरा की सीपॅप?

“त्या दवाखान्यात नवीन हाय फ्लो मशीन आलंय, तिकडं न्यायचं का?” हा प्रश्न आता लातूर-नांदेडातच काय, तालुक्याच्या गावीही ऐकू येतो. उत्तर ‘बाळावर अवलंबून’ असंच आहे, पण त्यामागे ठोस अभ्यास आहेत.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ब्राँकिओलायटिसच्या १,४७२ बाळांवर झालेला अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. साध्या ऑक्सिजनवर ठेवलेल्या बाळांपैकी २३ टक्क्यांना उपचार वाढवावे लागले, हाय फ्लोवरच्या १२ टक्क्यांना. मात्र दवाखान्यातला मुक्काम दोन्ही गटांत जवळपास तेवढाच राहिला, आणि साधा ऑक्सिजन कमी पडल्यावर ज्यांना हाय फ्लो लावला त्यांतलीही बरीच त्यानंच सावरली. म्हणजे प्रत्येकाला पहिल्याच तासाला हाय फ्लो लावण्याची घाई नको. एक ते चार वर्षांच्या मुलांवरच्या त्यांच्याच पुढच्या अभ्यासात तर हाय फ्लोमुळे मुक्काम कमी झाला नाही, उलट किंचित वाढला.

ब्रिटनमधल्या मुलांच्या आयसीयूंनी हाय फ्लो आणि सीपॅप समोरासमोर ठेवले. नव्यानं आजारी पडून आलेल्या मुलांत हाय फ्लो सीपॅपच्या तोडीस तोड ठरला, झोपेची औषधं कमी लागली, नाकाला जखमा कमी झाल्या. व्हेंटिलेटर काढल्यानंतरच्या मुलांत मात्र सीपॅपवरची मुलं लवकर मोकळी झाली. एकाच यंत्राचे दोन प्रसंगांत दोन निकाल. ‘नवीन मशीन म्हणजे चांगलं’ हा हिशेब इथं चालत नाही.

## ढाक्याची बाटली आणि मलावीचा धडा

बांगलादेशात ढाक्याच्या अतिसार आणि बालरोगांवर काम करणाऱ्या संशोधन रुग्णालयात डॉ. मोहम्मद जोबायेर चिश्ती यांनी बबल सीपॅपसाठी शाम्पूची रिकामी बाटली वापरली. पाण्यानं भरलेली बाटली, तिच्यात बुडालेली नळी, दुसरं टोक बाळाच्या नाकाशी. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तीव्र न्यूमोनियाची पाच वर्षांखालची २२५ मुलं होती. साध्या ऑक्सिजनवरची १५ टक्के मुलं दगावली, बबल सीपॅपवरची ४ टक्के. अभ्यास लहान होता आणि मधेच थांबवला गेला, तरी गरीब देशांतल्या डॉक्टरांना त्यानं फार मोठी उमेद दिली.

मग आफ्रिकेतल्या मलावी देशात एका जिल्हा रुग्णालयाच्या साध्या बालरोग वॉर्डात असाच प्रयोग झाला. तिथली मुलं जास्त नाजूक होती: कुणी एचआयव्हीबाधित, कुणी तीव्र कुपोषित, कुणाचा ऑक्सिजन आधीच फार खाली. २०१९मध्ये निकाल आले ते धक्का देणारे. बबल सीपॅपवरची १७ टक्के मुलं दगावली, साध्या ऑक्सिजनवरची ११ टक्के. तंत्र तेच, निकाल उलटा.

मुलं वेगळी होती हे एक कारण. दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं: ढाक्यात डॉक्टर चोवीस तास खाटेजवळ होते, मलावीच्या त्या वॉर्डात डॉक्टरांची रोजची देखरेख नव्हती. मास्क निसटला, पोटात हवा भरून उलटी झाली, ती श्वासात गेली, बाळ दमलं, हे बघायला कुणीतरी लागतं. आधार लावल्यानंतरचा पहिला तास-दीड तास सगळं सांगून जातो. श्वासांची गती आणि हृदयाचे ठोके उतरू लागले, छातीचा खड्डा कमी झाला, तर वाट बरोबर आहे. तासाभरानंही तसूभर फरक नसेल तर पुढची पायरी चढायची वेळ आली, आणि तिथं पुढची पायरी नसेल तर बाळाला हलवायची.

म्हणून दवाखाना निवडताना मशीन कोणत्या कंपनीचं आहे हे विचारू नका. रात्री दोन वाजता बाळाजवळ कोण असेल, एका सिस्टरकडे किती मुलं असतात, व्हेंटिलेटरची गरज पडली तर तो इथंच आहे का, हे विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नांवर चिडत नाही.

## “ब्याण्णवच का? शंभर करा की!”

मॉनिटरवर नातेवाइकांचे डोळे खिळलेले असतात आणि ९२ म्हणजे परीक्षेत आठ मार्क गेले असं वाटतं. पण साधारण ९२ ते ९७ हा बहुतेक मुलांसाठी पुरेसा पल्ला आहे. जागतिक आरोग्य संघटना तर ऑक्सिजन सुरू करण्याची रेषा ९०च्या खाली आखते. ब्रिटनमध्ये व्हेंटिलेटरवरच्या सुमारे दोन हजार मुलांवर अभ्यास झाला. त्यात मुद्दाम ८८ ते ९२ ठेवलेल्या मुलांचे निकाल ९४च्या वर ठेवलेल्यांपेक्षा थोडे चांगलेच आले.

जास्तीचा ऑक्सिजन निरुपद्रवी नसतो. कमी दिवसांच्या बाळांचे डोळे अनिर्बंध ऑक्सिजनमुळे जातात, हे १९५०च्या दशकातच सिद्ध झालं. दुसरं असं, की आकडा शंभरला टेकला की रक्तात ऑक्सिजन गरजेपुरता आहे की तिप्पट, हे ऑक्सिमीटर सांगू शकत नाही. बाळ आतून बिघडत असलं तरी आकडा बराच वेळ शंभरच राहतो आणि सगळे गाफील राहतात. जन्मजात हृदयविकाराच्या काही बाळांचं लक्ष्य तर मुद्दामच खूप खाली ठेवतात.

## “सवय लागली तर?” आणि दुधाचा प्रश्न

ऑक्सिजनची किंवा सीपॅपची सवय लागत नाही. सूज उतरली की टक्केवारी आधी कमी करतात, मग प्रवाह किंवा दाब. ब्राँकिओलायटिसमध्ये आजाराचा जोर बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जास्त असतो. दुसऱ्या दिवशी दाखल झालेलं बाळ तिसऱ्या दिवशी जास्त दमलं तर औषध चुकलं असं लगेच समजू नका. खरं तर या आजारावर विषाणू मारणारं रोजच्या वापरातलं औषध नाहीच. अँटिबायोटिक आणि वाफारे यांचा बहुतेक बाळांना फारसा उपयोग होत नाही. आधार द्यायचा, पाणी-दूध सांभाळायचं आणि शरीराला वेळ द्यायचा, इतकंच. “काहीच इंजेक्शन नाही मग ॲडमिट कशाला केलं?” याचं उत्तर हे.

दूध बंद केलं की आजी अस्वस्थ होतात, आणि त्यांचं चुकत नाही. पण मिनिटाला साठ-सत्तर श्वास घेणारं बाळ गिळताना श्वास थांबवू शकत नाही, दूध श्वासनलिकेत जातं. म्हणून नाकातून पोटात बारीक नळी घालून आईचंच दूध थोडं थोडं देतात. पोटात भरलेली हवाही त्याच नळीनं काढता येते. ही नळी व्हेंटिलेटरची नव्हे. आईनं या काळात दूध पिळून काढत राहावं, नाहीतर बाळ बरं होईतो दूध आटतं.

मास्कला किंवा नाकातल्या नळ्यांना बाळं झोंबतात. रडून दम आणखी वाढतो. अशा वेळी बाळाला आईच्या मांडीवर बसवून आधार दिला तर झोपेच्या औषधाची गरज अनेकदा पडतच नाही. काही ठिकाणी अजूनही आईला बाहेर बसवतात, ते मला पटत नाही.

## सिलेंडरचं गणित, आणि आपली गावं

आमच्याकडची खरी अडचण अंतराची. वडवणी-धारूरकडच्या बाळाला अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात, हिंगोलीच्या बाळाला नांदेडच्या विष्णुपुरीला, जालन्याच्या बाळाला संभाजीनगरच्या घाटीत न्यायचं, तर वाटेत ऑक्सिजन पुरला पाहिजे. लहान ‘बी टाइप’ सिलेंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर असतो. नाकातल्या नळ्यांनी मिनिटाला दोन लिटर दिला तर तो बारा तास चालतो. आठ किलोच्या बाळाला हाय फ्लोवर मिनिटाला १६ लिटर आणि ५० टक्के ऑक्सिजन लावला, तर त्यातला सुमारे सहा लिटर सिलेंडरमधून जातो, म्हणजे सिलेंडर चार तास पुरतो. तेच बाळ १०० टक्क्यांवर असेल तर दीड तासात सिलेंडर रिकामा. शिवाय हाय फ्लोचं गरम करणारं यंत्र विजेवर चालतं. लहान दवाखान्यात हाय फ्लो यंत्र घेताना बॅकअपचा आणि ऑक्सिजनच्या साठ्याचा विचार झाला नसेल, तर बबल सीपॅप किंवा नुसत्या नळ्याच जास्त भरवशाच्या.

म्हणून रेफर करायचं ते बाळ दमून निपचित पडायच्या आधी. १०८ची रुग्णवाहिका बोलावताना बाळाचं वय, वजन आणि सध्या किती ऑक्सिजन चालू आहे, हे सांगितलं तर गाडीतली तयारी होते. पुढच्या दवाखान्यात फोन करून खाट आहे का, हे आधी विचारायचं काम पाठवणाऱ्या दवाखान्याचं आहे, ते त्यांच्याकडून करून घ्या.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांची गोष्ट आणखी वेगळी. दसऱ्यानंतर बिऱ्हाड कोल्हापूर-सांगलीला किंवा कर्नाटकात जातं आणि मार्च-एप्रिलपर्यंत तिकडेच असतं. फडाजवळच्या कोपीत थंडी, आत चुलीचा धूर, आणि न्यूमोनियाचे हेच महिने. लसीचं कार्ड घरी राहिलेलं असतं. न्यूमोकोकल लस आता सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने अशी सरकारी केंद्रात फुकट मिळते. पेंटाव्हॅलंटमध्ये न्यूमोनियाच्या दुसऱ्या एका जंतूविरुद्धची लसही असते. डोस राहिला असेल तर तो ज्या गावात मुक्काम आहे तिथल्या आरोग्य केंद्रातही घेता येतो. निघताना कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

## श्वास मोजायचा कसा

बाळ शांत किंवा झोपलेलं असताना अंगावरचा कपडा वर करा आणि पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका. लहान बाळांचा श्वास अनियमित असतो, गुणाकारात चूक होते. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि साठ किंवा जास्त आले, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाला पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाला चाळीस किंवा जास्त, तर श्वास वाढलेला आहे, त्याच दिवशी दाखवा. फासळ्यांखाली खड्डा, कण्हणं, दूध न पिणं, ओठ किंवा जीभ निळसर, फार झोपाळू होणं, श्वास मधेच थांबणं, यातलं एकही दिसलं तर आकडा मोजत बसू नका, निघा. पोटावर डाग देणं, बिब्बा लावणं यात वेळ घालवू नका. त्यानं कातडी भाजते आणि श्वासाचा त्रास तसाच राहतो. घरी ऑक्सिमीटर असेल तर तो लहान मुलांचा आहे ना, हे बघा. मोठ्यांचा क्लिप बाळाच्या बोटावर नीट बसत नाही, आणि हात गार असले तरी आकडा चुकतो.

जमलं तर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, छाती आणि पोट दोन्ही दिसतील असा. दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ रडून लाल झालेलं असतं आणि तेव्हा श्वास मोजता येत नाही. घरी झोपेत पोट कसं उडत होतं, ते त्या व्हिडिओत डॉक्टरांना लगेच दिसतं.